घोड्यांना हिवाळ्यात मोकळे सोडणे

ज्या प्रदेशांत हिवाळ्याचे काही महिने तापमान पाण्याच्या गोठणबिंदूखाली राहते, तेथे घोड्यांना तबेल्यात बांधून ठेवावे की उघड्या आवारात सोडावे, हा अश्वपालकापुढे रोज सकाळी उभा राहणारा प्रश्न असतो. कॅनडा, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग, स्कँडिनेव्हिया, रशिया व मध्य आशिया येथे त्याला विशेष महत्त्व आहे. घोडा हा मुळात गवताळ मैदानांत कळपाने हिंडणारा प्राणी असून दिवसाचा बहुतेक काळ तो चरण्यात व चालण्यात घालवतो. तबेल्यातील ठाण ही माणसाने आपल्या सोयीसाठी केलेली व्यवस्था होय. तरीही थंडी वाढली की दारेखिडक्या लावून घोड्याला आत ठेवणे हेच निर्धोक, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज बऱ्याच अंशी चुकीचा आहे. तापमापकातील आकडा हा या निर्णयातील केवळ एक घटक असून बहुधा तो सर्वांत महत्त्वाचा नसतो. अंगावरील केस कोरडे आहेत की ओले, वारा किती आहे, पोटात वैरण किती आहे, पायाखालची जमीन कशी आहे आणि त्या विशिष्ट घोड्याचे वय व प्रकृती काय आहे, यांचा विचार आधी करावा लागतो. बाहेर सोडण्यात जसे धोके आहेत तसेच आत ठेवण्यातही आहेत. फरक इतकाच की, आतले धोके उशिरा दिसतात.

उष्णतेचा समतोल : घोड्याच्या शरीराचे सर्वसाधारण तापमान ३७·५° ते ३८·५° से. असते. बाहेरील तापमानाच्या एका ठराविक पट्ट्यात हे तापमान टिकविण्यासाठी शरीराला वेगळी उष्णता निर्माण करावी लागत नाही. या पट्ट्याच्या खालच्या मर्यादेस निम्न क्रांतिक तापमान म्हणतात. त्याखाली गेल्यास चयापचयाचा वेग वाढवून, म्हणजे अधिक अन्न जाळून, उष्णतेची तूट भरून काढावी लागते. उघड्या अंगाच्या माणसाच्या बाबतीत ही मर्यादा २५° से.च्या वर असते. म्हणूनच अंगावर कपडे नसता ज्या हवेत माणूस कुडकुडतो, त्या हवेत घोडा अगदी सुखात असू शकतो. सौम्य हवेची व तबेल्याची सवय असलेल्या प्रौढ घोड्यांसाठी स्वीडनमधील संशोधनात ही मर्यादा सु. ५° से. आढळली, तर कॅनडातील अल्बर्टा प्रांतात थंडीला सरावलेल्या प्रौढ घोड्यांमध्ये ती सु. −१५° से. इतकी खाली असल्याचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दिसून आले. एकाच प्राण्यासाठी वीस अंशांचा हा फरक प्रामुख्याने सरावाचा, केसांचा व आहाराचा आहे. यावरून ‘इतक्या अंशांखाली घोडा बाहेर काढू नये’ असा एकच आकडा सांगणे का शक्य नाही, हे स्पष्ट होते. नवजात शिंगराचे निम्न क्रांतिक तापमान मात्र २० अंशांच्या वर असते. त्याच्या बाबतीत प्रौढ घोड्याचा कोणताही नियम लागू पडत नाही.

घोड्याच्या शरीररचनेतही थंडीस तोंड देण्याची बरीच तरतूद आहे. मोठ्या आकारमानामुळे वजनाच्या मानाने त्याच्या शरीराचा पृष्ठभाग कमी असतो व उष्णता सावकाश बाहेर पडते. गुडघ्याखालच्या पायात स्नायू जवळजवळ नसतात. तेथे हाडे, कंडरा व त्वचाच असल्याने तो भाग बराच थंड झाला तरी त्यास अपाय होत नाही. खुरातील रक्तवाहिन्यांची रचना रक्ताचा प्रवाह गरजेप्रमाणे वळविणारी असते. बर्फात तासन् तास उभ्या राहणाऱ्या घोड्याचे पाय पाहून मोतद्दाराला कणव येते, पण हिमदंशाची बाधा निरोगी प्रौढ घोड्यास क्वचितच होते. झाल्यास ती बहुधा अशक्त शिंगरांच्या कानांच्या टोकांना होते.

केसांचे आवरण : हिवाळी केस थंडी पडल्यावर येतात, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः त्यांची वाढ मुख्यत्वे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. उन्हाळ्याच्या अखेरीस दिवस लहान होऊ लागले की, डोळ्यांतून मिळणाऱ्या प्रकाशाच्या संदेशानुसार तृतीय नेत्र पिंड व पोष ग्रंथी यांच्या स्रावांत बदल होतो व दाट, लांब केस फुटू लागतात. डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवसानंतर, कडाक्याची थंडी अजून पुढे असतानाच, केस गळण्याची तयारी सुरू होते. प्रदर्शनाच्या व शर्यतीच्या घोड्यांचे केस आखूड राहावेत म्हणून त्यांच्या ठाणात रोज सु. सोळा तास दिवे लावून ठेवण्याची प्रथा याच तत्त्वावर आधारलेली आहे. अशा घोड्याला, किंवा ज्याचे केस यंत्राने कातरले आहेत अशा घोड्याला, ऐन हिवाळ्यात एकदम बाहेर सोडणे म्हणजे त्याचे पांघरूण काढून घेऊन त्याला उघड्यावर झोपविण्यासारखे आहे. थंडीला सरावण्यासाठी घोड्याला साधारणपणे दोन ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे उष्ण प्रदेशातून नुकत्याच आणलेल्या घोड्याच्या बाबतीतही तीच खबरदारी घ्यावी लागते.

थंडीत त्वचेतील सूक्ष्म स्नायू आकुंचन पावून केस उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवेचा थर अडकतो. उष्णतेस अडविण्याचे काम प्रत्यक्षात हा थर करतो. पाठीवर पडलेले हिम न वितळता तसेच साचून राहिलेला घोडा पाहणाऱ्यास दयनीय वाटतो; परंतु आतील उष्णता बाहेर येत नसल्याचे ते लक्षण असल्याने असा घोडा उत्तम स्थितीत आहे असे समजावे. हिम अंगावर वितळून केस मुळापर्यंत भिजत असतील, तर मात्र काळजीचे कारण असते. चिखलाने केस एकमेकांस चिकटले तरी हवेचा थर नाहीसा होतो. म्हणून हिवाळ्यातही हलका खरारा आवश्यक ठरतो.

वारा व ओल : कोरडी, स्थिर व कडाक्याची थंडी घोडा सहज सोसतो, गोठणबिंदूच्या जरा वर असलेल्या तापमानातील वाऱ्यासह पाऊस त्याला जेरीस आणतो. वारा केसांतील उबदार हवेचा थर उडवून नेतो, तर पाणी त्या थराची जागाच घेते व त्याच्या बाष्पीभवनात आणखी उष्णता खर्ची पडते. नॉर्वेमधील उघड्यावर ठेवलेल्या आइसलँडिक जातीच्या घोड्यांचे हिवाळी निरीक्षण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. तापमान −३१° से.पर्यंत उतरले असतानाही हे घोडे केवळ थंडीमुळे निवाऱ्यात जात नसत. पाऊस व वारा एकत्र आले म्हणजे मात्र ते निवाऱ्याचा आश्रय घेत.

रॉबर्ट स्कॉट यांच्या १९१०–१३ मधील दक्षिण ध्रुव मोहिमेतही याचा प्रत्यय आला. या मोहिमेसाठी मँचुरियाकडील १९ तट्टे घेण्यात आली होती व त्यांची जबाबदारी घोडदळातील अधिकारी लॉरेन्स ओट्स यांच्याकडे होती. हिमफलकावरील वाटचालीत प्रत्येक मुक्कामावर माणसे आधी तट्टांसाठी बर्फाच्या भिंती रचीत. कारण थंडीपेक्षा वाऱ्यानेच ती अधिक खचतात, हे सर्वांच्या लक्षात आले होते. १९११ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या चार दिवसांच्या वादळात तापमान गोठणबिंदूच्या आसपास होते, म्हणजे त्या प्रदेशाच्या मानाने हवा उबदारच होती. पण ओल्या हिमाने सर्व काही भिजून गेले, भिंती निरुपयोगी ठरल्या व आधीच अपुऱ्या वैरणीवर असलेली तट्टे पार थकली. शिल्लक राहिलेली तट्टे ९ डिसेंबर रोजी मारून टाकावी लागली. मोहिमेच्या अपयशाची कारणे अनेक असली, तरी घोड्याला उघड्यावर काय सोसवते व काय सोसवत नाही, याची इतकी स्पष्ट नोंद क्वचितच आढळते.

वैरण : घोड्याच्या शरीरातील खरी शेगडी म्हणजे त्याचे अंधनाल व बृहदांत्र. तेथे सूक्ष्मजंतूंकडून वैरणीतील तंतुमय भागाचे किण्वन होते व त्यातून दिवसभर उष्णता मिळत राहते. या कारणाने थंडीत दाण्याची चंदी वाढविण्यापेक्षा वाळलेले गवत वाढविणे अधिक उपयुक्त असते. चंदीने ऊर्जा मिळते खरी, पण किण्वनाची संथ ऊब तितकीशी मिळत नाही. शिवाय चंदी एकदम वाढविल्यास पोटशूळाचे भय असते. निम्न क्रांतिक तापमानाच्या खाली प्रत्येक अंशास प्रौढ घोड्याची ऊर्जेची गरज सु. २·५ टक्क्यांनी वाढते, असे धरले जाते. −१५° से. ही मर्यादा असलेल्या, ५०० किग्रॅ. वजनाच्या व रोज १० किग्रॅ. गवत खाणाऱ्या घोड्याला −२५° से. तापमानात दोन ते अडीच किग्रॅ. गवत जादा लागेल, असा हिशोब यावरून निघतो. थंडीची लाट येण्याची चाहूल लागताच हे गवत वाढवावे व त्याचा मोठा वाटा संध्याकाळी द्यावा, कारण किण्वनाची ऊब रात्री उपयोगी पडते.

दाट केसांमुळे घोड्याचा रोडपणा डोळ्यांना दिसत नाही. हिवाळाभर गुबगुबीत वाटणारा घोडा वसंतात केस गळताच फासळ्या दाखवू लागतो, हा अनुभव नवख्या पालकांना हमखास येतो. यासाठी दर आठवड्यास फासळ्यांवरून व पाठीच्या कण्यावरून हात फिरवून चरबीचा थर अजमावणे, हाच खात्रीचा उपाय आहे. टेक्सस येथे १९८३ मध्ये तयार करण्यात आलेली १ ते ९ अंकांची शरीरस्थिती-श्रेणी आज सर्वत्र वापरात असून, हिवाळ्यात पाऊल ठेवताना घोडा तीत ५ ते ६ या अंकांवर असावा, असे साधारणपणे मानतात. भुकेला घोडा माफक थंडीतही टिकत नाही. १७६०–६१ च्या हिवाळ्यात पानिपत येथे मराठ्यांच्या छावणीची रसद तुटली, तेव्हा तेथील थंडी गोठणबिंदूची नव्हती. पण वैरण संपल्यामुळे लढाईपूर्वीच घोडे मोठ्या संख्येने मेले वा निकामी झाले.

पाणी : हिवाळ्यातील पोटशूळामागे थंडीपेक्षा तहान अधिक वेळा असते. कोरडे गवत जास्त व पाणी कमी, असे झाल्यास आतड्यातील अन्नाचा गोळा सुकून अडकतो. ५०० किग्रॅ. वजनाच्या घोड्याला रोज २५ लि. किंवा त्याहून अधिक पाणी लागते. पेनसिल्व्हेनियातील तट्टांवरील प्रयोगांत (१९९४), केवळ बर्फगार पाणी उपलब्ध असता तट्टे जितके पाणी पीत, त्यापेक्षा केवळ कोमट पाणी दिल्यावर ती सु. ४० टक्के अधिक पीत, असे आढळले. यातील गमतीचा भाग असा की, दोन्ही प्रकारचे पाणी शेजारी ठेवल्यास ती गार पाणीच पसंत करीत. म्हणजे या बाबतीत तट्टाची आवड व त्याचे हित एक नव्हते.

घोडा हिम खाऊन तहान भागवू शकतो व काही जाती तसे करतातही. परंतु त्यावर विसंबणे महाग पडते. एक किग्रॅ. हिम वितळवून ते शरीराच्या तापमानास आणण्यास सु. ११८ किलोकॅलरी लागतात. २५ लि. पाण्यासाठी हा खर्च जवळजवळ ३,००० किलोकॅलरी, म्हणजे विश्रांतीत असलेल्या घोड्याच्या रोजच्या गरजेच्या सु. सहाव्या हिश्शाइतका होतो. म्हणून मोकळ्या आवारातील टाकीवरचा बर्फ दिवसातून दोनतीनदा फोडणे किंवा विजेवर चालणारे तापक वापरणे आवश्यक असते. तापकाची तार सदोष असल्यास पाण्यात सौम्य विद्युत् प्रवाह उतरतो व घोडे पाण्याला तोंड लावीनासे होतात. टाकी भरलेली दिसत असल्याने पालकाच्या ते ध्यानात येत नाही.

पायाखालचा बर्फ : बाहेर सोडण्याच्या विरुद्ध सर्वांत बळकट कारण कोणते असेल, तर ते हवेत नसून जमिनीवर असते. ताज्या, भुसभुशीत हिमात घोडा उत्तम चालतो. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला गुळगुळीत थर मात्र धोक्याचा असतो. त्यावर घसरून पाय फाकल्यास मांड्यांचे स्नायू फाटतात, श्रोणीचे हाड मोडते आणि मोठा घोडा पुन्हा उभा राहू शकत नाही. अशा घोड्याला बहुधा मारून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. चिखलात उमटलेले खुरांचे ठसे तसेच गोठले, तर घसरण नसली तरी दगडासारख्या खडबडीत पृष्ठभागामुळे तळवे दुखावतात. आवारात तळे असल्यास त्याभोवती स्वतंत्र कुंपण हवे. हिमाने झाकलेला पातळ बर्फ घोड्याला जमिनीहून वेगळा ओळखू येत नाही.

साध्या लोखंडी नालेमुळे हे संकट वाढते. गुळगुळीत नाल बर्फावर अनवाणी खुरापेक्षा अधिक सरकते आणि नालेच्या आत हिम दाबले जाऊन त्याचे कठीण गोळे तयार होतात. अशा गोळ्यांवर उभा राहिलेला घोडा उंच टाचांवर चालणाऱ्या माणसाप्रमाणे डळमळतो. काम नसलेल्या घोड्यांच्या नाला हिवाळ्यापुरत्या काढून टाकणे, नालेखाली हिम न धरणारी गादी बसविणे किंवा नालेस टोकदार खिळे लावणे, हे त्यावरील रूढ उपाय होत. नेपोलियनच्या १८१२ मधील रशियावरील स्वारीत या एका गोष्टीची हयगय फार महागात पडली. परतीच्या वाटेवर फ्रेंच सैन्याचे घोडे चढउतारांवर कोसळत व भुकेने अशक्त झाल्यामुळे पुन्हा उठू शकत नसत. सम्राटाचे अश्वाध्यक्ष कोलँकूर यांनी आपल्या देखरेखीखालील घोड्यांना वेळीच बर्फावर चालणाऱ्या टोकदार नाला ठोकून घेतल्या होत्या, आणि घोड्यांच्या हानीचे खापर त्यांनी आपल्या आठवणींत थंडीपेक्षा अशा नालांच्या अभावावर व उपासमारीवर अधिक फोडले आहे.

निसरड्या आवारावर जाड वाळू वा लाकडाची राख पसरतात. लीद मिसळलेले अंथरूण पसरल्यासही ते बर्फात रुतून गोठते व पायाला पकड मिळते. नुसता पेंढा टाकणे मात्र घातक असते, कारण तो बर्फावरून सरकतो आणि खालचा बर्फ झाकला जातो. संपूर्ण आवार निसरडे असेल, तर तबेल्यापासून गवताच्या ढिगापर्यंत व पाण्यापर्यंत एक खात्रीची वाट तयार करून तेवढ्याच भागात घोडे सोडणे श्रेयस्कर. हेही शक्य नसेल त्या दिवशी घोडा आत ठेवावा, याविषयी दुमत नाही. नव्या घोड्याला जुन्या कळपात प्रथमच सोडण्यासाठी असा दिवस निवडू नये. कळपातील वर्चस्वाची धावपळ कोरड्या जमिनीवर निरुपद्रवी असते, बर्फावर ती जिवावर बेतते.

बंद तबेल्यातील हवा : थंडीपासून संरक्षण म्हणून दारेखिडक्या घट्ट लावलेल्या तबेल्यात मुतामुळे अमोनिया वायू साचतो, तर वाळलेले गवत व पेंढा यांतून बुरशीची बीजुके व धूळ हवेत मिसळत राहतात. उबदार व दमट हवा भिंतींवर घामासारखी साचते. परिणामी श्वासनलिकांचा जुनाट दाह, खोकला व धाप हे विकार उद्‌भवतात. २०१६ पासून या विकारांना एकत्रितपणे ‘अश्व-दमा’ असे संबोधण्यात येते. हा विकार तबेल्यात राहणाऱ्या घोड्यांमध्ये अधिक असतो आणि मोकळ्या हवेत ठेवणे हाच त्याच्या उपचाराचा मुख्य भाग असतो. ही जाणीव नवी नाही. लंडन येथील पशुवैद्यक महाविद्यालयाचे प्राध्यापक एडवर्ड कोलमन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश घोडदळाच्या पागांमध्ये हवा खेळती ठेवण्याचा आग्रह धरला व त्यानंतर शेंबा इ. रोगांनी होणारी हानी कमी झाली. तबेल्यात शिरताच माणसाला ऊब जाणवत असेल व डोळे चुरचुरत असतील, तर ती जागा घोड्यासाठी योग्य नाही, असे खुशाल समजावे.

सतत ठाणबंद राहिल्याने इतरही हानी होते. पायांवर सूज येते, आतड्यांची हालचाल मंदावते, जठरात व्रण होण्याची शक्यता वाढते आणि लाकूड चावत हवा गिळणे, एकाच जागी डुलत राहणे यांसारख्या खोडी जडतात. आठवडाभर कोंडलेला घोडा बाहेर येताच उधळतो व नेमका बर्फावर घसरतो; रोज सोडलेला घोडा सहसा तसे करीत नाही. काही देशांनी याविषयी कायदेच केले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार कामावर नसलेल्या घोड्याला रोज किमान दोन तास मोकळे सोडणे बंधनकारक आहे व हिवाळ्याचा त्याला सरसकट अपवाद नाही.

झुलीचा वापर : निरोगी, दाट केसांच्या घोड्याला झूल लागत नाही, वजनदार झुलीखाली केस दबून उलट हवेचा थर पातळ होतो. कातरलेल्या, वृद्ध, कृश व नवागत घोड्यांना मात्र ती हवी. झूल पाणी न शोषणारी असावी आणि रोज काढून तिच्याखालील कातडी तपासावी. भिजलेली झूल असण्यापेक्षा ती नसलेली बरी. या बाबतीत पालकाचे मत व घोड्याचे मत एकच असेल असे नाही. नॉर्वेमधील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत २३ घोड्यांना तीन चिन्हांचा अर्थ शिकविला होता : झूल घाला, झूल काढा व आहे तसेच राहू द्या. सर्व घोडे दोन आठवड्यांच्या आत ही चिन्हे शिकले. ऊन पडलेल्या दिवशी ते झूल काढण्याच्या चिन्हाला नाक लावीत. पाऊस, वारा व थंडी एकत्र असताना झूल मागत.

विशेष काळजीचे घोडे : झिजलेल्या दातांमुळे गवत नीट चावू न शकणारा म्हातारा घोडा पुरेशी ऊब निर्माण करू शकत नाही, त्याला भिजवलेला, मऊ आहार द्यावा लागतो. पोष ग्रंथीच्या विकाराने आजारी असलेल्या वृद्ध घोड्याचे केस लांब व कुरळे दिसत असले, तरी त्यांवरून त्याला थंडी सोसेल असा निष्कर्ष काढू नये. नवजात शिंगरे, आजारी व गाभण-अशक्त घोड्या यांना कोरडा आडोसा अत्यावश्यक असतो. कामावरून घामाघूम होऊन आलेल्या घोड्याला मुळापर्यंत कोरडा केल्याशिवाय बाहेर सोडू नये. अतिशीत हवेत जोराने पळविल्यास श्वासनलिकांना इजा पोहोचते. सावकाश चालणे व चरणे यांस मात्र ती हरकत लागू नाही.

ब्रिटन व आयर्लंडसारख्या सौम्य हिवाळ्याच्या देशांत धोका वेगळ्याच दिशेने येतो. तेथे गवत हिवाळ्यातही हिरवे राहते. रात्री हिमकण पडून सकाळी लख्ख ऊन पडले की, गवत ऊन घेऊन शर्करा तयार करते, पण थंडीमुळे वाढ खुंटल्याने ती वापरली न जाता पात्यातच साचते. लठ्ठ तट्टांना व इन्शुलिनाचा समतोल बिघडलेल्या घोड्यांना अशा गवतामुळे लॅमिनायटीस म्हणजे खुरातील मऊ पटलांचा दाह होतो व घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. अशा सकाळी त्यांना हिरव्या कुरणात न सोडता गवतविरहित आवारात ठेवून वाळलेले गवत देणे इष्ट.

निवारा : बाहेर राहणाऱ्या घोड्यांसाठी तीन बाजूंनी बंद व वाऱ्याच्या नेहमीच्या दिशेकडे पाठ असलेली पडवी पुरेशी असते; दाट झाडीही बऱ्यापैकी वारा अडविते. पडवीचे तोंड अरुंद असल्यास कळपातील दांडगा घोडा दारातच उभा राहतो व दुबळा घोडा पावसात राहतो. यामुळे तोंड रुंद किंवा दोन वाटा असलेले असावे. निवारा बांधूनही घोडे हिमवर्षावात बाहेरच उभे राहिलेले दिसतात. त्यात काळजीचे काही नाही. घोडा थरथरत असेल, पाठ वाऱ्याकडे करून शेपूट मांड्यांत दाबून कळपापासून वेगळा उभा असेल किंवा गवत समोर असूनही खात नसेल, तर मात्र त्यास तत्काळ आत आणावे.

अतिशीत प्रदेशांतील घोडे : सायबीरियातील याकूत घोडे वर्षभर उघड्यावर राहतात व हिवाळ्यात −६०° से.पर्यंतच्या थंडीत खुरांनी हिम उकरून खालचे सुकलेले गवत खातात. त्यांच्या जनुकांच्या २०१५ मधील अभ्यासावरून असे दिसते की, ते त्या प्रदेशातील प्राचीन वन्य घोड्यांचे वंशज नसून याकूत लोकांनी मध्ययुगात दक्षिणेकडून आणलेल्या घोड्यांपासून अवघ्या काही शतकांत घडले आहेत. आखूड पाय, आटोपशीर बांधा व अतिदाट केस ही त्यांची लक्षणे होत. हिवाळ्यात वैरण तुटपुंजी झाली की चयापचयाचा वेगच कमी करण्याची क्षमता घोड्यांत असते, हे जर्मनीतील गटिंगेन येथे शेटलंड तट्टांवर झालेल्या प्रयोगांतही दिसून आले आहे.

या क्षमतेलाही सीमा आहे. मंगोलियात उन्हाळी अवर्षणामागून येणाऱ्या भीषण हिवाळ्यास ‘झुड’ म्हणतात. २००९–१० च्या झुडमध्ये त्या देशातील ८० लाखांहून अधिक जनावरे मेली व त्यांत घोडेही पुष्कळ होते. हिम वितळून पुन्हा गोठले व गवतावर कठीण कवच तयार झाले, तर खुरांनी ते फुटत नाही. मंगोल पशुपालक या प्रकारास लोखंडी झुड म्हणतात. अशा वेळी घोडा गारठ्याने मरण्याआधी उपाशी पडलेला असतो.

भारतात हा प्रश्न मुख्यत्वे लडाख व हिमाचल प्रदेशातील उंच खोऱ्यांसारख्या भागांत उद्भवतो. झंस्कारी व स्पिती या तेथील दणकट, आखूड बांध्याच्या जाती विरळ हवा व कडाक्याची थंडी या दोहोंस सरावलेल्या असून ओझी वाहण्यासाठी व स्वारीसाठी वापरल्या जातात. झंस्कारमध्ये हिवाळ्यात जनावरे घराच्या तळमजल्यावर ठेवण्याची रीत आहे. त्यांच्या अंगच्या उबेचा लाभ वर राहणाऱ्या माणसांनाही होतो. त्या कोरड्या प्रदेशात उन्हाळा थोडा व वैरण मोजकी असल्याने, हिवाळ्यात किती जनावरे जगवता येतील हे छपरांवर रचून ठेवलेल्या सुक्या गवताच्या भाऱ्यांवरून ठरते.